तबकडी उलटताना : प्रोग्रेसिव्ह रॉक, मेटल आणि एक खासगी यादी

महाविद्यालयात असताना साहित्याच्या अभ्यासकांपुढे रॉक संगीताची बाजू मांडण्याची वेळ आली, की माझा एक ठरलेला युक्तिवाद असे. येस या इंग्लिश बँडची ‘क्लोज टू द एज’ ही रचना हेर्मान हेसेच्या ‘सिद्धार्थ’ या कादंबरीवरून स्फुरली आहे. जेनेसिसच्या ‘द सिनेमा शो’ या गीतात टी. एस. एलियटच्या ‘द वेस्ट लँड’मधला टायरिसिअस येतो, रश या कॅनडातील त्रिकुटाने कोलरिजच्या ‘कुब्ला खान’वरून ‘झॅनडू’ रचले, तर आयर्न मेडनने त्याच कवीच्या वृद्ध खलाशावरील कवितेचे १९८४ साली साडेतेरा मिनिटांचे गीत केले. ही यादी ऐकून समोरचा थोडा नरम पडे. ज्यांना गिटारींचा तो कल्लोळ म्हणजे निव्वळ उनाडपणा वाटे, त्यांनाही एलियटचे नाव निघाल्यावर तो उनाडपणा निदान सुशिक्षित वाटू लागे.

आज तो युक्तिवाद मला लंगडा वाटतो. थोर ग्रंथाचा आधार घेतल्याने कलाकृती थोर होत असती, तर रामायणावर बेतलेली प्रत्येक दूरचित्रवाणी मालिका महाकाव्य ठरली असती. शिवाय या गीतांचे शब्द कागदावर सुटे करून वाचले, तर त्यांतल्या बहुतेकांचा निभाव लागत नाही. येसचा गायक जॉन अँडरसन याच्या ओळींना नाद आहे. अन्वय लावू गेल्यास मात्र हाती फारसे लागत नाही. असे असूनही हे अल्बम ऐकताना एखादी दीर्घ कृती वाचल्याचा अनुभव येतो, आणि वीस-पंचवीस वर्षांनंतरही तो उणावलेला नाही. तो अनुभव येतो कोठून?

या प्रश्नापाशी मी जसजसा घोटाळत गेलो, तसतशी माझ्या आवडत्या अल्बमांची यादी बदलत गेली. काही मोठी नावे गळाली, काही वर सरकली. जे टिकले त्यांच्यात एक गोष्ट समान दिसली. त्यांचे वाङ्मयीनत्व त्यांच्या कर्त्यांनी वाचलेल्या पुस्तकांपेक्षा त्यांच्या रचनेत आहे : क्रमात, एखादी धून परत येण्यात, विराम कोठे पडतो यात. आणि त्या रचनेला आकार देणारी गोष्ट अगदीच भौतिक होती. तबकडीला दोन बाजू असतात, ही ती गोष्ट. प्रस्तुत लेखात ही यादी त्या अंगाने पाहण्याचा प्रयत्न आहे.

कोलंबिया कंपनीने मिनिटाला ३३⅓ फेऱ्यांची लाँग प्ले तबकडी १९४८ साली बाजारात आणली. त्याआधीच्या ७८ फेऱ्यांच्या तबकडीवर एका बाजूला तीन-साडेतीन मिनिटांचे ध्वनिमुद्रण मावत असे. त्या मर्यादेचा इतिहास आपल्याकडच्या संगीतप्रेमींना परिचित आहे. तासभर रंगणारा राग तीन मिनिटांत बसवण्याची एक वेगळीच कला अब्दुल करीम खाँसारख्या गवयांनी त्या तबकड्यांवर सिद्ध केली. लाँग प्लेने बाजूला वीस-बावीस मिनिटे दिली. पाश्चात्त्य अभिजात संगीताला त्याचा लाभ लगेच झाला. लोकप्रिय संगीताने मात्र पुष्कळ काळ त्या जागेत तीन-तीन मिनिटांची सुटी गाणीच भरली. वाडा मिळाला, पण आत खोल्या मांडल्या त्या चाळीतल्याच.

हे बदलू लागले ते १९६७च्या सुमारास. त्या वर्षी बीटल्सच्या ‘सार्जंट पेपर्स लोनली हार्ट्स क्लब बँड’च्या वेष्टनावर गीतांचे शब्द छापले गेले, म्हणजे तबकडी वाचण्याचीही वस्तू झाली. त्याच वर्षी मूडी ब्लूजने ‘डेज ऑफ फ्यूचर पास्ड’मध्ये पहाटेपासून रात्रीपर्यंतचा एक दिवस वाद्यवृंदाच्या साथीने संपूर्ण अल्बमभर मांडला. यातूनच पुढे ‘प्रोग्रेसिव्ह रॉक’ हे नाव रूढ झाले. या विशेषणाला ‘पुरोगामी’ म्हटले तर मराठी वाचकाच्या मनात भलताच, सामाजिक आशयाचा अर्थ उभा राहील. इथे अभिप्रेत होते ते एवढेच, की रॉकने नाचाच्या तालातून आणि तीन मिनिटांच्या साच्यातून पुढे जावे.

माझ्या यादीत कालानुक्रमे पहिला येतो तो किंग क्रिमझनचा ‘इन द कोर्ट ऑफ द क्रिमझन किंग’ (ऑक्टोबर १९६९). यात गीते अवघी पाच. आरंभीचे ‘ट्वेंटी-फर्स्ट सेंच्युरी स्किझॉइड मॅन’ कर्कश, विद्रूप केलेल्या आवाजात अंगावर येते; त्याच्या लगोलग ‘आय टॉक टू द विंड’मधली बासरी. हा विरोध इतका तीव्र आहे, की दुसरे गीत सुटे ऐकले तर केवळ गोड वाटते आणि पहिल्यानंतर ऐकले तर थकलेल्या माणसाचे वाटते. दोन्ही बाजूंचा शेवट मेलोट्रॉनने भारलेल्या संथ, विस्तीर्ण गीतांनी होतो. मेलोट्रॉन म्हणजे प्रत्येक पट्टीखाली ध्वनिफितीचा तुकडा असलेले वाद्य. पट्टी दाबून धरली तरी सुमारे आठ सेकंदांत फीत संपते आणि स्वर तुटतो. त्या वाद्यवृंदसदृश वैभवाला आतूनच मरणाची मुदत घातलेली आहे, असे मला नेहमी वाटते. अल्बम निर्दोष आहे असे नाही. ‘मूनचाइल्ड’चा उत्तरार्ध म्हणजे जवळजवळ दहा मिनिटांचे दिशाहीन चाचपडणे आहे. पण त्या चाचपडण्यानंतरच शीर्षकगीताचा दरबार उघडतो, आणि मग ते सहन केल्याचे सार्थक होते. मुखपृष्ठावरील किंचाळणारा चेहरा रंगवणारा बॅरी गॉडबर हा तरुण पुढच्याच वर्षी, १९७० साली, वारला.

१९७२ हे या प्रकाराचे सुगीचे वर्ष होय. जेथ्रो टल या बँडचा ‘अ‍ॅक्वालंग’ (१९७१) हा अल्बम समीक्षकांनी ‘एका कल्पनेभोवती गुंफलेला’ ठरवला. ते न रुचल्यामुळे इयन अँडरसनने मुद्दाम असल्या अल्बमांचे विडंबन करायचे ठरवले आणि ‘थिक अ‍ॅज अ ब्रिक’ लिहिला. चव्वेचाळीस मिनिटांच्या आसपासचे एकच गीत. तबकडी उलटण्यापुरता काय तो खंड. शब्द म्हणे जेराल्ड बॉस्टॉक नावाच्या आठ वर्षांच्या मुलाच्या कवितेतले. वेष्टन म्हणजे बारा पानांचे एक काल्पनिक गावठी वृत्तपत्र, त्यात बातम्या, जाहिराती, शब्दकोडे सगळे काही. ‘झेंडूची फुले’ वाचलेल्यांना ठाऊक असते, की उत्तम विडंबनासाठी मूळ रचनाप्रकार हुकमी यावा लागतो. इथे तर विडंबनच त्या प्रकाराचा उत्कृष्ट नमुना ठरले आणि अमेरिकेत विक्रीच्या यादीत पहिल्या क्रमांकावर गेले.

त्याच वर्षी सप्टेंबरात ‘क्लोज टू द एज’ आला. पहिल्या बाजूवर शीर्षकरचना एकटीच, सुमारे पावणेएकोणीस मिनिटांची. पक्ष्यांच्या किलबिलाटाने आणि वाहत्या पाण्याने ती सुरू होते आणि तेथेच परत येऊन संपते. मध्ये चार भाग आहेत. तिसऱ्या भागात सर्व गती थांबते, स्वर जणू पाण्याखालून येतात, आणि मग चर्चमधला ऑर्गन घुमतो. तो लंडनच्या सेंट जाइल्स क्रिपलगेट या चर्चमध्ये ध्वनिमुद्रित केला आहे. आरंभी घाईत, तुटक लयीत आलेले पालुपद त्यानंतर परतते तेव्हा त्याचे शब्द जवळपास तेच असतात, पण आता ते पोहोचलेल्या माणसाचे वाटतात. ‘सिद्धार्थ’ वाचलेला नसला तरी नदीकाठी पोहोचल्याची ही जाणीव श्रोत्याला होते. माझ्या तरुणपणीच्या युक्तिवादाला हेच उत्तर आहे : हेसेचे नाव न सांगताही ज्या गोष्टी कळतात, त्याच या रचनेच्या स्वतःच्या.

याउलट उदाहरणही येसनेच पुरवले. पर्कशनवादक जेमी म्युरने सुचवल्यावरून अँडरसनने परमहंस योगानंदांचे ‘ऑटोबायोग्राफी ऑफ अ योगी’ हे १९४६चे आत्मचरित्र वाचले. त्यातल्या एका तळटीपेत शास्त्रांचे चार वर्ग सांगितले आहेत : श्रुती, स्मृती, पुराणे आणि तंत्रे. त्या एका तळटीपेवरून ‘टेल्स फ्रॉम टोपोग्राफिक ओशन्स’ (१९७३) हा दोन तबकड्यांचा अल्बम उभा राहिला. चार बाजू, चार शास्त्रे, चार रचना. आपल्या परंपरेतले शब्द तिकडे पोहोचले याचा मला एके काळी अभिमान वाटे. परंतु कान वेगळेच सांगत होते. कीबोर्डवादक रिक वेकमनची तक्रार अशी, की सामग्री एका तबकडीला जास्त आणि दोन तबकड्यांना कमी होती. म्हणून ती ताणण्यात आली. मँचेस्टरच्या कार्यक्रमात कंटाळून त्याने रंगमंचावरच करी खाल्ली, ही गोष्ट तो स्वतःच मोठ्या चवीने सांगत आला आहे. १९७४ साली तो बँड सोडून गेला. यात सुंदर जागा पुष्कळ आहेत, पण चार बाजू भरायच्या आहेत हे आधी ठरले आणि संगीत मागून आले, असे जाणवत राहते. बाजू ही मर्यादा होती तोवर तिने घडवले; ती उद्दिष्ट होताच तिने बिघडवले. वृत्ताच्या बाबतीतही असेच घडते. मात्रा भरण्यासाठी घातलेले शब्द कवितेत लगेच ओळखू येतात.

पिंक फ्लॉइडच्या ‘विश यू वेअर हिअर’ (१९७५) इतका विरामाचा सुज्ञ उपयोग मला अन्यत्र आढळलेला नाही. ‘शाइन ऑन यू क्रेझी डायमंड’ ही नऊ भागांची रचना मनाचा तोल ढळलेला जुना सहकारी सिड बॅरेट याला उद्देशून आहे. ती सलग एका बाजूवर घालता आली असती. गिटारवादक डेव्हिड गिलमोरचा कल तसाच होता. रॉजर वॉटर्सने ती दुभंगली. पहिले पाच भाग आरंभी, उरलेले चार अखेरीस, आणि मध्ये ध्वनिमुद्रण व्यवसायाच्या निर्दय यंत्राविषयीची दोन गीते व शीर्षकगीत. परिणामी जो माणूस हरवला, तो अल्बममध्येही हरवतो; आपण त्याला विसरत चाललेलो असतो तोच ती धून परत येते. जून १९७५ मध्ये ध्वनिमुद्रण चालू असताना बॅरेट स्वतः स्टुडिओत येऊन उभा राहिला. तो इतका बदलला होता, की मित्रांनी त्याला बराच वेळ ओळखले नाही. ही हकिकत ठाऊक नसतानाही मी हा अल्बम कितीदा तरी ऐकला होता. हकिकतीने दुःख वाढले, पण रचनेने ते आधीच सांगितले होते.

रशच्या ‘२११२’ (१९७६) विषयी माझे मत आजही स्थिर नाही. आधीच्या अल्बमला यश न मिळाल्याने कंपनीला छोटी, विकाऊ गाणी हवी होती. त्यावर या तिघांनी पहिली संपूर्ण बाजू साडेवीस मिनिटांच्या एका कथेला दिली : पुरोहितशाहीने संगीत गाडून टाकलेल्या भविष्यकाळात एका माणसाला गिटार सापडते. मूळ कल्पना अ‍ॅन रँडच्या ‘अँथम’शी नाते सांगणारी, ड्रमवादक आणि गीतकार नील पीअर्टने वेष्टनावर तिचे ऋणही मानले. अल्बम खपला आणि बँडला आपल्या मनासारखे करण्याची मोकळीक मिळाली. पण १९७८ साली एका ब्रिटिश संगीत साप्ताहिकाने या विचारांत फॅसिझमची छाया पाहिली. गायक गेडी ली याचे आईवडील नाझी छळछावण्यांतून वाचलेले. त्याच्या जिव्हारी हे किती लागले असेल याची कल्पना करता येते. मला रँडचा व्यक्तिवाद पटत नाही. तरी नायक गुहेत गिटार जुळवतो, चुकीच्या स्वरांतून हळूहळू सूर लागतो, तो भाग ऐकताना प्रत्येक वेळी मी हरतो. विचारसरणी बाजूला सारून कलाकृतीचा आस्वाद घेता येतो का, हा वर्गात नेहमी चर्चिला जाणारा प्रश्न मला पुस्तकांपूर्वी या वीस मिनिटांनी घातला. अखेरच्या घोषणेत सत्ता कोणी ताब्यात घेतली हेही रचना स्पष्ट करत नाही, आणि त्या अनिश्चिततेत ती आपल्या आधारग्रंथापेक्षा मोठी होते.

सत्तरीच्या अखेरीस पंकने या भपकेबाज संगीताला हुसकून लावले, असा इतिहास सामान्यतः सांगितला जातो. त्यात तथ्य आहे, पण तो अपुरा आहे. ‘टोपोग्राफिक ओशन्स’सारख्या कृतींनी ताणलेला धागा आतूनच विरला होता. येस आणि जेनेसिस यांनी पुढे ऐंशीच्या दशकात छोट्या गाण्यांवर अफाट यश मिळवले. दीर्घरचनेची हौस दरम्यान दुसऱ्या घरी गेली होती, आणि ते घर मेटलचे होते.

मेटालिकाचा ‘मास्टर ऑफ पपेट्स’ (मार्च १९८६) कोणी प्रोग्रेसिव्ह म्हणून विकला नाही. तरी त्याची बांधणी पाहावी. हळुवार गिटारने आरंभ आणि लगेच स्फोट. दुसऱ्या स्थानी साडेआठ मिनिटांचे शीर्षकगीत, ज्याच्या मध्यभागी वेग ओसरून एक करुण धून उमलते. चौथ्या स्थानी, म्हणजे पहिली बाजू संपताना, संथपणे सुरू होऊन चिघळत जाणारे वेड्यांच्या इस्पितळाचे गीत. आणि शेवटून दुसरे ‘ओरायन’, शब्दांवाचून आठ मिनिटे. आधीच्या ‘राइड द लाइटनिंग’चा (१९८४) आराखडाही जवळपास असाच आहे. म्हणजे हा योगायोग नसून बाजूच्या जागेचे भान आहे. ‘ओरायन’वर बासवादक क्लिफ बर्टनची छाप आहे. त्याच वर्षी सप्टेंबरात स्वीडनमध्ये बस उलटून तो वारला, आणि तेव्हापासून ते गीत शोकगीतासारखे ऐकले जाते.

१९८२ पासून सीडी आली. तिला उलटावे लागत नाही आणि सत्तरहून अधिक मिनिटे सलग मिळतात. वृत्ताचे बंधन सुटल्यावर कवींपुढे उभा राहतो तोच प्रश्न आता संगीतकारांपुढे होता : आतला आकार कशाने धरायचा? ड्रीम थिएटर हा बँड १९८५ साली बॉस्टनच्या बर्कली संगीत महाविद्यालयातील तीन विद्यार्थ्यांनी सुरू केला. त्यांचा १९९९चा ‘मेट्रॉपोलिस पार्ट टू : सीन्स फ्रॉम अ मेमरी’ सत्त्याहत्तर मिनिटांचा आहे. संमोहनाखाली नायकाला आपला पूर्वजन्म आठवतो; त्या जन्मी तो १९२८ साली खून झालेली एक स्त्री होता. कथा ऐकीव वळणाची आहे, हे मान्य करतो. पण आरंभीच्या वाद्यरचनेत पेरलेल्या धुना पुढे पात्रांसारख्या परत येतात, आणि शंभराहून अधिक वेळा ताल बदलणारी ‘द डान्स ऑफ इटर्निटी’ ही कसरत न वाटता स्मृतीची ओढाताण वाटते.

हा अल्बम मला प्रथम मिळाला तो मित्राच्या सीडीवरून उतरवून घेतलेल्या नव्वद मिनिटांच्या कॅसेटवर. तशा कॅसेटच्या एका बाजूला पंचेचाळीस मिनिटे मावतात, आणि सीडीवरचे अल्बम उतरवताना गाणे अध्येमध्ये तुटणे हे नेहमीचेच होते. हे मात्र तुटले नाही. कर्त्यांनीच त्याचे दोन अंक केले आहेत, पहिला सुमारे छत्तीस मिनिटांचा आणि दुसरा एक्केचाळीस-बेचाळीस मिनिटांचा. पहिला अंक संपला, फीत काही वेळ रिकामी फिरली, मी उठून कॅसेट उलटली. बाजूंची गरज संपल्यावरही या लोकांनी बाजू राखल्या होत्या, हे तेव्हा माझ्या लक्षात आले नाही. एवढेच आठवते, की त्या रिकाम्या फितीच्या खरखरीत मी खुनी कोण असेल याचा विचार करीत बसलो होतो. सुनीतात आठ ओळींनंतर कलाटणी येते; तिच्या आधीच्या क्षणभराच्या शांततेत वाचक जे करतो, तेच मी करीत होतो. या अल्बमचा शेवटही तबकडीवरील सुईच्या खरखरीनेच होतो. सीडीच्या युगातली ही कृती मरताना तबकडीचा आवाज काढते.

यादीतली शेवटची भर अलीकडची आहे. ओपेथ या स्वीडिश बँडचा ‘ब्लॅकवॉटर पार्क’ (२००१) माझ्या जुन्या यादीत होताच. त्यात राक्षसी घोगरा स्वर आणि निर्मळ गायन एकाच गीतात शेजारी नांदतात. २००८ नंतर मिकाएल ओकरफेल्टने तो घोगरा स्वर आपल्या अल्बमांतून वर्ज्य केला होता. ‘द लास्ट विल अँड टेस्टामेंट’ (२०२४) मध्ये तो परतला. पहिल्या महायुद्धानंतरच्या काळात एका कुटुंबप्रमुखाचे मृत्युपत्र वाचले जात आहे. सात गीतांना नावे नाहीत, केवळ कलमांचे क्रमांक आहेत. आठव्या गीताला तेवढे नाव आहे, आणि कलमांच्या भाषेत न मावणारे सत्य तेथे येते. आज बहुतेक श्रोते गाणी इंटरनेटवरून एकेक, हव्या त्या क्रमाने ऐकतात. अशा काळात क्रम मोडताच अर्थ मोडेल अशी रचना करणे हे मला धाडसाचे वाटते. मृत्युपत्राचे पाचवे कलम आधी आणि पहिले नंतर कोणी वाचत नाही. या अल्बमवर निवेदन करणारा आणि बासरी वाजवणारा पाहुणा आहे इयन अँडरसन. ज्याने १९७२ साली या प्रकाराची टर उडवली, तोच बावन्न वर्षांनी त्याचे मृत्युपत्र वाचायला बसला आहे.

साहित्याच्या विद्यार्थ्याला हे संगीत ऐकवायचे झाले, तर आज मी हेसे किंवा एलियटचे नाव काढणार नाही. ‘क्लोज टू द एज’ची पहिली बाजू लावीन, पक्षी आणि पाणी परत येईपर्यंत काही बोलणार नाही, आणि ती संपल्यावर लगेच दुसरी लावणार नाही.